छोटा ब्रेस हवा होता: एका हाताच्या एआर पिस्तुलाचं प्रकरण

नोव्हेंबर २०२५ मध्ये काकांचा फोन आला. "अरे, एआर पिस्तुलाला सगळ्यात छोटा ब्रेस कुठला येतो?" एआर पिस्तूल म्हणजे एआर-१५ रायफलीच्या घडणीचं आखूड हत्यार, आणि ब्रेस म्हणजे ते एका हाताने पेलायला मागे लावायचा, कोपराखालच्या हाताला टेकणारा आधार. मी दोन मिनिटांत तीन नावं सांगून मोकळा झालो. तिथेच चुकलो. पुढचे सहा आठवडे आणि परत पाठवलेलं एक खोकं, एवढं खर्ची पडल्यावर कळलं की 'छोटा' म्हणजे कुठे छोटा, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं.

काका म्हणजे नात्याचे नव्हेत, ह्यूस्टनच्या पश्चिमेला आमच्या गल्लीत राहणारे. वय ६७, मूळ कोल्हापूरचे. कॉलेजात असताना एनसीसीची .२२ रायफल चालवलेली. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य घेतलं, तेव्हा त्याचं गाव कांबळवाडी आपल्या गावापासून किती किलोमीटर, हे त्यांनी गल्लीतल्या अमेरिकन शेजाऱ्यांना घरोघरी जाऊन सांगितलं होतं. चाळीस वर्षं इथे, बरीच वर्षं नागरिक. २०२१ मध्ये त्यांनी एआर पद्धतीचं पिस्तूल घेतलं: ५.५६ मिलिमीटर काडतुसाचं, नळी १०.५ इंच, मागे पात्यासारखा साधा ब्रेस. २०२४ च्या उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला. डावा हात वाचला, पण पूर्ण नाही. बोटं वळतात, पकड धरत नाही, आणि हात खांद्याच्या वर जात नाही.

डॉक्टरांनी वर्षभराने नेमबाजीच्या रेंजवर जायला हरकत नाही म्हटलं. रेंजच्या सुरक्षा अधिकाऱ्याने आधी रिकाम्या पिस्तुलावर सगळं करून दाखवायला लावलं. मग प्रश्न उरला हत्यार पेलायचं कसं. रायफल बाद, कारण पुढचा भाग धरायला दुसरा हात लागतो. साधं ९ मिलिमीटरचं पिस्तूल एका हाताने झाडता येतं, पण त्याची स्लाइड मागे ओढायला डावा हात साथ देत नव्हता, आणि हलक्या पिस्तुलाचा धक्का उजव्या मनगटाला नको होता. एआर पिस्तूल जड असतं, त्यामुळे धक्का बराचसा ते स्वतःच गिळतं. फक्त ते जड असतं, हीच त्याची दुसरी बाजू.

जे या हत्याराशी परिचित नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एआरच्या मागे जी नळकांडी, म्हणजे बफर ट्यूब, दिसते ती शोभेची नाही. बफर (धक्का झेलणारं वजन) आणि स्प्रिंग त्या नळकांड्यात मागेपुढे होतात, ती काढली तर हत्यार चालणारच नाही. म्हणून खांद्याचा दस्ता नसला तरी पिस्तुलाच्या मागे सुमारे १८ सेंटीमीटरचं शेपूट राहतंच. या शेपटाचा उपयोग करून घ्यायचा म्हणून २०१२ मध्ये ॲलेक्स बॉस्को या माजी सैनिकाने एक रबरी पकड बनवली. युद्धात अपंगत्व आलेल्या त्याच्या मित्राला रेंजवर एआर पिस्तूल एका हाताने आवरत नव्हतं. बफर ट्यूब हाताच्या वर, रबराचे दोन पंख कोपराखालच्या हाताच्या दोन्ही अंगांना, आणि खालून वेल्क्रोचा पट्टा. त्याच वर्षी एटीएफने, म्हणजे बंदुकांचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय खात्याने, हा दस्ता नाही असं लेखी कळवलं. एसबी टॅक्टिकल ही कंपनी त्यातून उभी राहिली.

हात बांधायला निघालेली ही वस्तू लोकांनी खांद्याला लावायला घेतली, आणि पुढचा दशकभराचा सगळा तमाशा त्यावरून झाला. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल ही नोंदणीची वस्तू आहे. रायफल म्हणजे खांद्याला लावून झाडण्यासाठी बनवलेलं हत्यार. पिस्तुलाला नळीच्या लांबीचं हे बंधन नाही. मग ब्रेस लावलेलं आखूड नळीचं हत्यार कुठल्या रकान्यात? एटीएफने २०१५ च्या जानेवारीत खुलं पत्र काढून सांगितलं की ब्रेस खांद्याला टेकवणं म्हणजे हत्याराची नवी रचना करणं. २०१७ मध्ये तेच पत्र बऱ्यापैकी सौम्य केलं. मधल्या काळात २०१९ मध्ये डेटनला आणि २०२१ मध्ये बोल्डरला झालेल्या हत्याकांडांत असं ब्रेस लावलेलं पिस्तूल वापरलं गेलं, आणि वाद नुसता तांत्रिक राहिला नाही. २०२१ च्या जूनमध्ये मसुदा आला, त्यात चक्क गुणपत्रक होतं: लांबीला इतके गुण, पट्ट्याला इतके, दुर्बिणीला इतके, आणि गुण जास्त झाले की पिस्तूल रायफलीत गेलं. काका तेव्हा म्हणाले होते, "दहावीला नापास व्हायची भीती होती, इथं पास व्हायची हाय."

अंतिम नियम १३ जानेवारी २०२३ ला जाहीर झाला. गुणपत्रक गेलं, पण परिणाम कडक: ३१ मे २०२३ पर्यंत नोंदणी करा, लांब नळी बसवा, ब्रेस परत लावता येणार नाही असा काढून टाका, हत्यार जमा करा किंवा नष्ट करा. काकांनी पात्याचा ब्रेस काढून करवतीने दोन तुकडे केले. त्यानंतर ऑगस्टमध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने 'मॉक विरुद्ध गार्लंड' या खटल्यात म्हटलं की मसुद्यावरून अंतिम नियमाची कल्पना कुणाला आली नसती, आणि १३ जून २०२४ ला टेक्सासचे केंद्रीय न्यायाधीश रीड ओ'कॉनर यांनी तो नियम रद्द केला. ज्या उन्हाळ्यात काकांचा डावा हात गेला, त्याच उन्हाळ्यात ब्रेस पुन्हा मोकळा झाला. २०२१ मध्ये सगळ्यांसारखा तो खांद्याला लावणारे काका आता खरोखर त्याची गरज असलेले माणूस झाले होते. रेंजवर इतकी वर्षं जातो, पण पट्टा बांधून झाडणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

नियम गेला म्हणजे मूळ कायदा गेला असं नव्हे. नोंदणी न करता त्या पिस्तुलाला खरा दस्ता लावला तर तो आजही गुन्हा आहे, १० वर्षांपर्यंत कैदेचा. पिस्तुलाला पुढे उभी मूठ लावणं हाही तसाच खड्डा, त्याने हत्यार वेगळ्याच नोंदणीच्या वर्गात जाऊ शकतं. डाव्या हाताला टेकू म्हणून काकांना तीच मूठ हवी होती. नाही म्हटलं.

पहिला ब्रेस

"सगळ्यात छोटा" याचा बाजारातला अर्थ म्हणजे पीडीडब्ल्यू, म्हणजे आखूड बंदुकांच्या पद्धतीचा: दोन सळ्यांवर आतबाहेर सरकणारा, आखूड बफर सोबत घेऊन येणारा. दिसायला देखणा, किंमत इतर प्रकारांच्या कितीतरी वर. ओळखीच्या एकाकडून तसा एक रेंजवर वापरायला मिळाला. काकांनी टेबलावर कोपर टेकवून, रिकाम्या हत्याराची चेंबर दोघांनी तपासून, हात आत घातला आणि उचललं. अर्ध्या मिनिटात खाली ठेवलं. "चिमटा बसतोय."

कारण साधं आहे, आणि खरं तर मला आधी सुचायला हवं होतं. तराजूची दांडी डोळ्यांसमोर आणा. मूठ हा मधला काटा. पुढे नळी, मॅगझिन, रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारं नेम धरायचं साधन). त्यांचं वजन पुढचं टोक खाली ओढतं, म्हणून मागचं टोक वर उठू पाहतं, आणि ते हाताला धरून ठेवायचं काम पट्टा करतो. भरलेल्या मॅगझिनसकट पिस्तूल ३ किलो धरा आणि त्याचा गुरुत्वमध्य मुठीच्या १० सेंटीमीटर पुढे. पट्टा मुठीच्या मागे २० सेंटीमीटरवर असेल तर त्याच्यावर दीड किलोचा भार येतो. १२ सेंटीमीटरवर आला तर अडीच किलोचा, आणि तोही मनगटाच्या जवळ, जिथे मांस कमी आणि हाड जास्त. ब्रेस जेवढा आखूड, तेवढा तो हाताला जास्त चावणार. खांद्याला लावणाऱ्याला हे कधीच कळत नाही, कारण त्याचा पट्टा वर्षानुवर्षं घडी घालून पडलेला असतो.

तर 'छोटा' हा शब्द तिथेच दुखायला लागला. मी काकांना विचारलं, छोटा कशासाठी हवाय? उत्तर असं निघालं की गाडीच्या मागे कुलपाची पेटी आहे, ती २२ इंची, आणि १०.५ इंच नळीचं पिस्तूल शेपटासकट त्यात मावत नाही. लांब बॅग घेतली की बंदूकच नेतोय हे पार्किंगमध्ये अख्ख्या जगाला कळतं. म्हणजे छोटेपणा पेटीला हवा होता आणि किंमत हात मोजत होता.

दुसरा, आणि परत पाठवलेलं खोकं

पात्याचा ब्रेस पुन्हा घेऊन बघायचा का? स्वस्त, हलका, आणि काकांच्या ट्यूबवर तसाच बसणारा. पण त्याला खालून धरणारं काहीच नसतं, ते पातं हाताच्या एका अंगाला नुसतं दाबून राहतं. दोन्ही हात धड असलेल्याला एका हाताने झाडताना ते थोडीफार मदत करतं. काकांच्या हातात मागचं टोक वर निसटत होतं. हा पर्याय पाच मिनिटांत संपला.

मग यू आकाराचा, मागेपुढे पाच ठिकाणी अडकवता येणारा ब्रेस मागवला. इथे दुसरी चूक माझी. खोकं उघडलं, ब्रेस ट्यूबवर चढवायला गेलो, तर चढतो पण अडकत नाही. काकांच्या पिस्तुलाची मूळ ट्यूब गुळगुळीत गोल होती, खाली पट्टी नाही, अडकायला भोकं नाहीत. पात्याच्या ब्रेसला तशी चालते, तो स्क्रूने आवळतात. सरकत्या ब्रेसला कार्बाइनची ट्यूब लागते, जिच्या खाली आडवी पट्टी आणि तिच्यात खाचा असतात. त्यातही दोन मापं: मिल-स्पेकचा व्यास १.१४८ इंच, कमर्शियलचा १.१६८. फरक अर्धा मिलिमीटर, पण तेवढ्याने एकात ब्रेस घट्ट बसतो आणि दुसऱ्यात डगडगतो. ब्रेस घेण्याआधी ट्यूब मोजायची, हे मी दुसऱ्यांना कितीदा तरी सांगितलं असेल. कंपनीचा दोष शून्य, खोकं परत माझ्या खर्चाने. मग मिल-स्पेक ट्यूब आणि तिच्या मापाचा ब्रेस दोन्ही एकदम मागवले, आणि ट्यूब बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून बसवून घेतली.

आता पंख हाताला नीट बसत होते. सगळ्यात आतल्या खाचेत नव्हे, एक सोडून दुसऱ्या. पट्टा आवळला की ३ किलोचं ओझं हाताच्या मांसल भागावर वाटलं जात होतं. काकांनी रेड डॉट समोर धरला, हात सरळ, आणि ठिपका लक्ष्यावर थांबला. इथे एक सांगायला हवं: दुर्बीण लावलेली असती तर हे जमलं नसतं, तिला डोळा ठराविक अंतरावर लागतो. हात लांब करून झाडताना रेड डॉटच हवा.

सगळं जमलं, आणि तेव्हा लक्षात आलं की पट्टा आवळायला दुसरा हात लागतो. अपंगांसाठी बनवलेल्या वस्तूत हे बसूच कसं शकतं, असं काकांनी मला विचारलं. मी काय सांगणार! काकांच्या डाव्या हाताला वेल्क्रोचं टोक धरता येत होतं, ओढता येत नव्हतं.

आकडा की पट्टा

याच कारणाने तिसऱ्या प्रकाराचा विचार करावा लागला: बिजागरीवर खाली उघडणारा आकडा. बटण दाबलं की ॲल्युमिनियमचा एक दांडा खाली येतो आणि हाताच्या खालून टेकतो. पट्टा नाही, बांधणं नाही, एका हाताचं काम. कागदावर हाच जिंकायला हवा होता. हातावर मात्र तो कडक लागला. अर्ध्या बाहीच्या शर्टात तर नकोच, आणि टेक्सासमध्ये वर्षातले आठ महिने अर्धीच बाही. शिवाय आकड्यात हात नुसता टेकलेला असतो, बांधलेला नसतो. काकांनी चार फैरी झाडल्या आणि म्हणाले, "हे पाहुण्यागत वाटतंय. बसतंय, पण कधी उठेल सांगता येत न्हाई."

पण बांधलेलं असण्यालाही एक धोका आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. काडतूस अडकलं तर धडधाकट माणूस हत्यार टेबलावर ठेवतो. बांधलेला माणूस ठेवू शकत नाही. हात फिरला की नळी फिरते. तोंड समोरच्या बांधाकडेच ठेवून, कमकुवत हाताने पट्टा सोडवायचा, मग चार्जिंग हँडल, म्हणजे काडतूस बाहेर काढायला मागे ओढायची मूठ, ओढायचं. आम्ही हे रिकाम्या हत्यारावर, नकली काडतुसं घालून, तीन शनिवार केलं. जिवंत काडतूस त्यानंतर, आणि सुरुवातीला मॅगझिनमध्ये एकच.

उपाय काकांचाच. पट्टा प्रत्येक वेळी आवळायचाच कशाला? एकदा माप घ्यायचं, तिथे शिवून टाकायचा आणि हात आत सरकवायचा, बांगडी भरल्यासारखा. रबराचे पंख थोडे फाकतात, तेवढी जागा पुरते. आमच्या भागात काउबॉय बूट आणि खोगिरं दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे. त्याने वेल्क्रो काढून मऊ चामड्याचा पट्टा शिवला आणि खाली एक टिचबटण दिलं, अडचणीत नुसतं ओढलं तरी सुटणारं. ओढायला डाव्या हाताची दोन बोटं पुरतात. वीस डॉलर घेतले. काकांचं म्हणणं, कोल्हापुरात चपला शिवणाऱ्याने हेच पाच मिनिटांत आणि चहाच्या पैशात केलं असतं. असेलही.

थांबा म्हणणारे

रेंजवरच्या दोघातिघांनी वेगळाच सल्ला दिला होता: जानेवारीपर्यंत थांबा. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने आखूड नळीच्या रायफलवरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर येणार होता. १९३४ पासूनचा तो आकडा. नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो हे सगळं तसंच, पण पैसे नाहीत. मग ब्रेसचं नाटक कशाला, सरळ दस्ता लावा. धडधाकट माणसाला मीही आता हेच सांगेन. फक्त दुसऱ्या राज्यात नेताना एटीएफची आधी परवानगी लागते हे ध्यानात ठेवून, कारण पिस्तुलाला ती लागत नाही.

काकांना दस्ता देऊन उपयोग काय? दस्ता खांद्याला लागतो, आणि पुढचं टोक डाव्या हाताने धरावं लागतं. तो हातच नाही. सल्ला देणारा प्रत्येक जण ब्रेसकडे दस्त्याचा गरीब भाऊ म्हणून बघत होता, आणि काकांना नेमका तो गरीब भाऊच हवा होता.

दुसऱ्या राज्याचा विषय निघालाच आहे तर: काकांची मुलगी न्यू जर्सीत आहे. तिथे हे पिस्तूल न्यायचं नाही, ब्रेस असो वा नसो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, आणि जानेवारी २०२३ च्या कायद्यानंतर इलिनॉय, सगळीकडे तीच गत. टेक्सासमध्ये कायदेशीर असलेल्या वस्तूवरून माणूस गाडीने निघतो आणि राज्याच्या सीमेवर गुन्हेगार होतो.

आणि आपल्या लोकांसाठी एक गोष्ट, जी मला इथे आल्यावर कुणी सांगितली नव्हती. एच-१बी वर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही. वैध शिकार परवाना असणं हा मुख्य अपवाद. मित्राच्या बंदुकीने रेंजवर दोन फैरी झाडणं हेसुद्धा त्यात येतं. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत मी काकांबरोबर जायचो आणि काचेच्या अलीकडे कॉफी पीत बसायचो. काका हसायचे. हसू देत.

पेटी

राहिली २२ इंची पेटी. यू आकाराचा ब्रेस लावल्यावर पिस्तूल आतल्या खाचेतही तिच्यात मावत नव्हतं. काका पुन्हा सळ्यांच्या ब्रेसकडे वळणार तेवढ्यात, खरं सांगतो, माझं लक्ष त्या दोन खिळ्यांवर गेलं. एआर दोन खिळ्यांवर जोडलेलं असतं. मागची आणि पुढची ढकलली की वरचा भाग नळीसकट वेगळा, खालचा भाग मूठ, ट्यूब आणि ब्रेससकट वेगळा. सफाई करताना हे आम्ही दर महिन्याला करत होतो. दोन्ही तुकडे पेटीत शेजारी शेजारी मावले, मॅगझिनला जागा उरली. सहा आठवडे आम्ही छोटेपणा ब्रेसमध्ये शोधत होतो आणि तो हत्याराच्या मूळ घडणीतच होता. शिवाय सुटं केलेलं हत्यार गाडीतून नेताना माझ्याही जिवाला बरं वाटतं.

जो फक्त घरात कपाटात ठेवणार, ज्याला ते क्षणात हाताशी हवं, त्याला हा उपाय चालणार नाही. काकांना ते शनिवारी सकाळी रेंजवर हवं असतं. टेबलापाशी जोडायला एक मिनिट लागतं, आणि त्यांना घाई नाही.

फेब्रुवारीपासून हेच चालू आहे. १० यार्डांवर आधी सगळ्या फैरी कागदभर विखुरलेल्या असायच्या, आता तळहाताएवढ्या वर्तुळात येतात. वीस फैरींनंतर मनगट थकतं, मग काका थांबतात. हातावर चामड्याचा लालसर वळ उठतो, म्हणून आत सुती पट्टी घालतात. फिजिओथेरपिस्ट बाईंनी त्यांना अंगठ्यासाठी पिवळा रबरी चेंडू दिलाय, तो गाडीच्या कपहोल्डरमध्ये पडून असतो. त्याऐवजी ते दर शनिवारी पिस्तूल सुटं करताना खिळ्या डाव्या अंगठ्याने ढकलून बघतात. मागची आता सरकते. पुढच्या खिळीला अजून उजवा हात लागतो.